नऊ नंबरची हजेरी

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. सकाळचे पावणेअकरा. रक्कम एक हजार रुपये, पाचशेच्या दोन नोटा. ठिकाण लोणार तालुक्यातल्या एका खेड्यातलं शाळेचं मैदान. हजर चौघे: पंच झोटे सर, त्या गावच्या शाळेचे क्रीडाशिक्षक गवई सर, धामणगाव बढेकडून संघ घेऊन आलेले तायडे सर, आणि गुणलेखक म्हणून मी. तायडे सरांनी दोन्ही नोटा माझ्या टेबलावर ठेवल्या, उडू नयेत म्हणून वर खडा ठेवला आणि म्हणाले, "लिहून घ्या बाबूजी. माहा आक्षेप हाये."

आक्षेप बेसबॉलच्या सामन्याबद्दल होता. आमच्या जिल्ह्यात बेसबॉल खेळतात हे बुलढाण्यातच राहणाऱ्या माझ्या मेव्हण्यालाही खरं वाटत नाही, म्हणून आधी तेवढं सांगतो. गावाचं नाव मात्र लिहिणार नाही. त्या मुलींना नावं ठेवायला कुणाला निमित्त नको.

मी दुसरबीडच्या एका शाळेत लिपिक आहे. तेवीस वर्षं झाली. दाखले, हजेरीपट, शिष्यवृत्तीच्या याद्या, वेतनबिलं. झोटे सर आमच्याच शाळेचे क्रीडाशिक्षक. आठ वर्षांपूर्वी ते एका शिबिराला गेले आणि येताना एक बॅट, दोन बॉल आणि इंग्रजी नियमांच्या झेरॉक्स घेऊन आले. मी साठा नोंदवही उघडून विचारलं, "सर, याला काय लिहू?"

"लिहा, दांडकं एक."

बेसबॉल आमच्याकडे असा आला. खेळाचं सामान मिळेना तेव्हा युरियाच्या पोत्यात माती भरून तीन बेस केले. चौथा, ज्याला होम म्हणतात, तो ट्रॅक्टरच्या फाटक्या टायरमधून कापला. हातमोजे पाचच होते, म्हणून डाव बदलला की मुलं ते जमिनीवर ठेवून जायची आणि समोरचा संघ उचलायचा. मागं बॉल अडवायला शेडनेटची जुनी हिरवी जाळी. त्या जाळीमागं माझं टेबल.

पहिल्या सामन्यात आमच्या पोराने बॉल टोलवला आणि बॅट घेऊन सरळ बॉल टाकणाऱ्या पिचरकडे धावत सुटला. क्रिकेटची सवय. समोरच्या संघालाही ते बरोबरच वाटलं. पारावरचे एक म्हातारबुवा बराच वेळ पाहून म्हणाले, "काय बे, दांड्या कोणं चोरून नेल्या?" एका गावच्या सरपंचांनी उद्घाटनाचा बॉल मारला आणि संध्याकाळी माझ्या टेबलाशी आले. "बाबूजी, एवढा लांब मारला, माही एक धाव बी नाई लिहिली?" मी म्हटलं, "साहेब, उद्घाटनाला रकाना नाही." ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

गुणलेखकाचं काम हिशोबाचंच आहे, म्हणून सरांनी ते माझ्या गळ्यात घातलं. मैदानावर संघाचे नऊ जण असतात आणि जागेप्रमाणे प्रत्येकाला ठरलेला आकडा असतो. पिचर एक, कॅचर दोन, असं करत उजव्या हाताच्या लांबच्या कोपऱ्यात नऊ. नऊ नंबरने झेल घेतला की मी फक्त '9' लिहितो. सामना संपला की ताळा: जितके जण बॅटिंगला आले, त्यांची बेरीज म्हणजे धावा अधिक बाद अधिक बेसवर अडकून राहिलेले. एकाचाही फरक आला तर कुठंतरी चूक आहे. माझ्या कागदात फरक आलेला नाही. हे मी फुशारकीने लिहीत नाही, कागद कपाटात आहेत.

एक गोष्ट मात्र मी स्वतः सुरू केली, आणि सगळं तिथंच घडलं. पहिल्या वर्षी एका संघाचे दहा जण तीन डाव मैदानात उभे होते आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. दहावा पोरगा हौशी होता, त्याला बाहेर बसवत नव्हतं. तेव्हापासून मी नियम केला: फिल्डिंगला उतरलं की प्रत्येकाने आपल्या जागेवरून आपला आकडा ओरडायचा, एक ते नऊ, आणि मी ओळीने टिका करायच्या. वर्गात हजेरी घेतात तसं. शाळेत हजेरी घेताना मास्तर मान वर करत नाही. मीही करत नव्हतो. पुढचा डाव आखायचा असतो, तेवढ्यात कान काम करतात.

आता त्या गुरुवारकडे येतो. जिल्ह्यात मुलींचे संघ दोनच होते. जो जिंकेल तो विभागाला जाणार, तिथून जमलं तर राज्यावर. राज्यापर्यंत गेलेल्या मुलीला बारावीला सवलतीचे गुण मिळतात. गवई सरांच्या संघाची पिचर शीतल बारावीत होती. तिच्या बापाचा भाजीपाला, आठवडी बाजारात पाल. बापाने तिला सांगितलं होतं की सर्टिफिकेट आणलं तर मेहकरला कॉलेज, नाही तर उन्हाळ्यापासून पालावर बसायचं. हे मला तिनेच सकाळी सांगितलं, नावं लिहून घेताना. "काका, नीट लिहिजा बरं," म्हणाली.

यादीत नऊ नावं होती. नववं कविताचं.

सामना सव्वाआठला सुरू झाला. धुकं इतकं होतं की जाळीतून मला पिचरपर्यंतच दिसत होतं. मैदान लहान, उजव्या कोपऱ्याला कुंपण नाही. तिथून सरळ तूर सुरू होते, डोक्याच्या वर गेलेली. नऊ नंबरची मुलगी जवळजवळ तुरीतच उभी राहते म्हणा ना. गवई सरांच्या मुली उतरल्या. मी म्हटलं, "हजेरी." धुक्यातून आकडे आले. एक, दोन, तीन, जवळचे आवाज मोठे, लांबचे बारीक. सात, आठ. मग जरा वेळ काही नाही. मग, "नऊ." मी टीक केली.

असे सात डाव झाले. सात वेळा हजेरी घेतली. नवव्या रकान्यात सात टिका झाल्या.

शेवटच्या डावात गवई सरांचा संघ एका धावेने पुढं होता. धामणगावकडच्या दोन मुली बाद झाल्या होत्या, दोन बेसवर होत्या. धुकं विरत आलं होतं. पुढच्या मुलीने बॉल उंच टोलवला, उजव्या कोपऱ्यात, तुरीकडे. मी बॉलकडे पाहिलं नाही. मी बेसवरच्या दोघींकडे पाहत होतो, कारण त्या होमला पोचल्या तर मला त्या धावा लिहायच्या होत्या. झोटे सरही त्यांच्याकडेच पाहत होते. झेल घेतानाही मुली आपला आकडा ओरडतात. तसा आवाज आला, "नऊ!"

मी 9 लिहिलं. बॉल एक टप्पा खात दुसऱ्या बेसपाशी फिल्डिंग करणाऱ्या मुलीच्या हातमोज्यात आला. झोटे सरांनी मूठ वर केली. बाद. सामना संपला.

कुणी टाळी वाजवली नाही. जिंकलेल्या मुलीच ओरडल्या नाहीत. त्या मुलीने हातमोज्यात पाहिलं आणि बॉल असा टाकला, जसा तापलेल्या तव्यावरून हात काढतात.

तायडे सर पहिल्या बेसजवळ उभे होते, त्यांचं तोंड उजव्या कोपऱ्याकडे होतं. ते चालत माझ्या टेबलापर्यंत आले. "तिथं कोण हाये?" त्यांनी गवई सरांना विचारलं. "मले दाखवा. झेल घेतला ना तिनं? बोलवा तिले इकडं."

 मुली एकेक करून आत आल्या. मी उभा राहून मोजल्या. आठ. पुन्हा मोजल्या. आठच.

मग गवई सरांनी सांगितलं. कविता दिवाळीच्या आधी गेली. कापूस वेचताना पान लागलं. आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. नावं त्याआधीच ऑनलाइन गेली होती, आणि मुदत संपल्यावर नाव बदलता येत नाही. दहावी मुलगी त्यांच्याकडे नव्हतीच, नऊ जमवतानाच घरोघर फिरावं लागलं होतं. "मी म्हटलं राहू द्या यंदा," गवई सर म्हणाले. "पोरी म्हणे, आमी नऊच हाओत सर. मी गप बसलो. चूक माझी."

"मग आवाज कोणी दिला?" झोटे सरांनी विचारलं.

"मले वाटलं पोरीच देत असतील."

झोटे सर तुरीकडे गेले. पाच मिनिटांनी परत आले तेव्हा पँट मांड्यांपर्यंत ओली होती. मला बाजूला घेऊन हळू म्हणाले, "बाबूजी, पहिल्या दहा-बारा ओळींत पानापानावर दव आहे. मी गेलो तिथलंच झडलं. दुसरं कुणी आत गेलेलं नाही."

मी म्हटलं, "मग बॉल?"

ते म्हणाले, "मला विचारू नका."

तायडे सरांनी हजार रुपये टेबलावर ठेवले ते यानंतर. आक्षेप घ्यायचा तर शुल्क भरावं लागतं. आक्षेप खरा ठरला तर परत मिळतं, नाही तर जप्त. त्यांचं म्हणणं एका ओळीचं होतं: नऊपेक्षा कमी जणी खेळल्या, सामना आम्हाला द्या.

झोटे सरांनी जिल्ह्यात हा खेळ आणला. मुलींचे दोन संघ उभे करताना ते किती बापांच्या हातापाया पडले, हे मी पाहिलं आहे. एका संघावर फसवणुकीचा शिक्का बसला असता तर पुढच्या वर्षी त्या गावातून एक मुलगी मिळाली नसती. ते माझ्याकडे वळले. "तुमचा कागद काय म्हणतो?"

"नऊ म्हणतो."

"सातही डाव?"

"सातही."

"मग कागद खरा. सही झाली. आक्षेप फेटाळला असं लिहितो."

शीतल चार पावलांवर उभी होती. तिने काही मागितलं नाही. फक्त माझ्याकडे पाहत राहिली. मी एक शब्द बोललो नसतो तर चाललं असतं. तायडे सर ओरडले असते आणि बसने परत गेले असते. कागदावर माझी सही होती आणि जिल्ह्यात माझ्या कागदाला कुणी बोट लावत नाही.

मी म्हटलं, "सर, या टिका मी कानाने केल्या आहेत. डोळ्यांनी केलेल्या नाहीत. आवाज नऊ होते. मुली आठ आहेत."

ते वाक्य मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. आक्षेप मान्य झाला. मी नोटा तायडे सरांपुढे धरल्या. त्यांनी हात पुढे केला, मग मागं घेतला. तुरीकडे पाहिलं.

"बॉल कोणं फेकला ते सांगा," म्हणाले, "मंग घेतो."

आणि मुलींना घेऊन निघून गेले. 

मी मोटारसायकलला किक मारत होतो तेव्हा शीतल आली. रागाने बोलेल असं वाटलं. ती म्हणाली, "काका, एक सांगाचं होतं. कविताची बॅटिंग मीच केली. हेल्मेट घालून, तिचा टीशर्ट घालून. ते खोटं होतं. तुमी केलं ते बरोबर केलं."

"आणि नऊ कोण म्हणत होतं?"

"आई शप्पत काका, आमच्यातलं कोणीच नाई. आधी आमाले वाटलं आमच्यातलीच कोणी म्हणून राह्यली. मंग तिसऱ्या डावात तो आवाज जवळून आला, तुरीतून." तिने ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. "मंग आमी मागं पाहिलंच नाई."

एक खोटं जी आपणहून कबूल करते ती दुसरं लपवत नसते. तेवीस वर्षं मुलांचे अर्ज पाहून मला एवढं कळतं.

घरी येऊन कागद पुन्हा तपासला. ताळा जुळत होता. नवव्या रकान्याकडे पाहताना एक गोष्ट दिसली. मी जेल पेन वापरतो. पेन कागदावर टेकवून थांबलं की शाई जमून ठिपका होतो. पहिल्या दोन टिकांच्या सुरुवातीला असे ठिपके होते, म्हणजे मी पेन टेकवून आवाजाची वाट पाहिली होती. पुढच्या पाच टिका स्वच्छ होत्या. आठपाठोपाठ नऊ, लगेच, तालात. सौ. म्हणाली, "काय शोधताय?" मी म्हटलं, "काही नाही, पेन गळतंय." लग्नानंतर मी तिच्याशी बोललेल्या खोट्या गोष्टी मोजक्या आहेत, त्यातली ही एक.

हजार रुपये मी पाकिटात घालून वर नाव लिहून कपाटात ठेवले. जमा करायला लेखाशीर्ष नाही, परत घ्यायला माणूस तयार नाही.

तूर निघाल्यावर गवई सरांचा फोन आला. कविताची आई कांताबाई विचारते आहे, म्हणाले. "लिहिणाऱ्या भाऊले बोलवा, कागद घेऊन." मी रविवारी गेलो. मैदानालगतची तूर कांताबाईनेच बटईने केली होती, हे मला तेव्हा कळलं. आता तिथं नुसती खुंटं होती. मैदानापासून पलीकडच्या बांधापर्यंत सगळं उघडं दिसत होतं. मी पावलांनी मोजलं. एकशे चाळीस.

कांताबाई त्या बांधावरच बसली होती. माझ्या वयाची बाई, हात तुरीच्या काड्यांनी खरचटलेले. गवई सरांनी ओळख करून दिली. ती म्हणाली, "बसा भाऊ. माह्या पोरीचं नाव कुठं लिहिलं ते दाखवा."

मी कागद उलगडला. नाव दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, तिने नावावरून बोट फिरवलं. मग टिकांवर आली. "हे काय?"

"हजेरी. प्रत्येक डावाची एक. सात डाव."

तिने पहिल्या दोन टिकांवर बोट ठेवलं. "हे दोन माहे."

मला कळलं नाही. गवई सरांनाही नाही.

"मी इथंच होती त्या दिवशी," ती म्हणाली. "रोही येतात तुरीत, हाकलाले पहाटेपासून बसली होती. पोरींचा आवाज आला. एक, दोन, तीन. आठ झाले न् सगळे गप. मले राहवलं नाई. घरी अंगणात ती रोज ओरडे, नऊ, नऊ, मी म्हणो काऊन बोंबलतेस. मंग मीच म्हटलं, नऊ. दुसऱ्या बारीले बी म्हटलं."

"आणि तिसऱ्या वेळेला?"

तिने बोट उचललं आणि तिसऱ्या टिकेपाशी हवेतच थांबवलं. कागदाला लावलं नाही.

"तिसऱ्या बारीले मी तोंड उघडलं, तं तिकून आला आवाज. मधातून, तुरीतून. मंग मी काऊन बोलू? गप बसली. शेवटपर्यंत ऐकत बसली."

मी तिला ठिपक्यांबद्दल काहीच बोललो नव्हतो. गवई सरांनाही नाही. कुणालाच नाही.

"बॉल इकडे आला होता का?" मी विचारलं.

"नाई. बॉल नाई पाहिला म्या." मग कागद माझ्याकडे सरकवत, "तुमी घाबरू नका भाऊ. ती कोणाले तरास देणारी नोती."

ऊन चांगलं वर आलं होतं. उघड्या रानात लपायला उंदरालाही जागा नव्हती. तरी मी बांधाच्या कडेला सरकून बसलो, पाठ खुंटांकडे होऊ नये म्हणून.

तिथूनच तायडे सरांना फोन लावला. विचारल्याप्रमाणे सगळं सांगितलं, दव, ठिपके, दोन आणि बाकीच्या टिका. बॉल कोणी फेकला ते मला सांगता येत नाही, कळलं ते एवढंच, असं म्हटलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते पैसे तिथंच देऊन द्या बाबूजी. त्या माउलीले."

शीतल मेहकरला गेली नाही. दुसरबीडच्या बाजारात मला पालावर दिसते. माप चोख देते, आणि संध्याकाळी गावातल्या लहान मुलींना खेळवते. आता तिथं दोन संघांपुरत्या मुली आहेत. मी बरोबर केलं असं ती म्हणाली होती. मला मात्र तिच्याकडून भाजी घेताना अजून सुट्टे पैसे दोनदा मोजावे लागतात. आणि मैदानावर मी आता हजेरीला मान वर करतो. आधी डोळ्यांनी मोजतो, मग कानांनी. अजून फरक आलेला नाही.

कांताबाईला पाकीट दिलं तेव्हा तिने विचारलं, "कायचे?" मी म्हटलं, पावती करावी लागेल, कारण लिहावं लागेल, तुम्ही सांगाल ते लिहितो.

"लिहा, कविता खेळली त्याचे."

न पाहिलेली गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती. पेन टेकवलं. "सात डाव लिहू?"

"सात काऊन?" ती म्हणाली. "दोन माहे व्हते ना. ते धरू नका. पाच लिहा."

मी लिहिलं: कु. कविता हिच्या पाच डावांबद्दल रुपये एक हजार फक्त, कांताबाई यांना रोख मिळाले. खाली तिचा डाव्या हाताचा अंगठा, साक्षीदार गवई सर, आणि माझी सही.